मारझेनेकडे पाठ

अपोलेनाची मान खांद्यापर्यंत आली आणि तिथंच अडली.

हनुवटी खांद्याच्या हाडाला टेकली होती, कण्याचा पीळ बरोबर होता, मागचा पाय जिथं हवा तिथंच होता. पण डोळे काही मागं गेले नाहीत. ते तालमीच्या हॉलच्या लाकडी जमिनीवर, स्वतःच्याच टाचेपाशी घुटमळत राहिले. तिच्या मागं, जिथं प्रयोगाच्या वेळी प्रेक्षक बसायचे त्या बाजूला, दोन मुलांनी लांबलचक कापडाची नदी धरली होती. पेंढ्याची बाहुली त्या नदीत बुडाली होती. बाकीचे सगळे तिच्या पुढून अंधाराकडे निघून गेले होते. आता तिनं एकटीनं वळून बघायचं, की बॅले संपला.

"थांबा," मागून कामिलचा आवाज आला. सिंबालोमच्या तारांचा नाद मध्येच तुटला.

"पोलेन्का, मागं काय दिसलं?"

"नदी."

"आणि नदीत?"

"मारझेना. बुडणारी."

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणी. अपोलेना अख्खी वळली. बॅलेचा दिग्दर्शक कामिल कापडाच्या मधोमध मांडी घालून बसला होता, हातात चहाचा कप, डोक्यावर कुणाची तरी लोकरी टोपी. मुलांनी कापड त्याच्या भोवतीनं हलवत ठेवलं होतं.

"मी काही बुडत नव्हतो," तो म्हणाला. "चहा पीत होतो."

सगळे मोकळेपणानं हसले. तीही हसली, कारण न हसणं जास्त दिसलं असतं.

"हिची मान येते तालमीला," ओल्ड्रिख मास्तर भिंतीला टेकून म्हणाले. त्यांनी अपोलेनाला ती चौदा वर्षांची असल्यापासून शिकवलं होतं आणि टोमणा मारायचा हक्क त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलेला नव्हता. "डोळे घरी पाळण्यापाशी ठेवून येते."

"मास्तर, असू दे," कामिल म्हणाला. तो नदीतून उठला, टोपी काढून ज्याची त्याला दिली आणि तिच्याजवळ आला. तो प्रागचा, चिडला की आवाज चढवायचा नाही, उलट खाली आणायचा. आत्ता तो अगदी हळू बोलत होता. "सगळा बॅले या एका नजरेवर उभा आहे. ती बघते, आपल्याला तिचा चेहरा दिसतो आणि पडदा पडतो. तू बघितलंच नाहीस, तर लोकांनी तासभर कशाची वाट बघितली?"

"जमेल मला."

"मंगळवारी बघू. मग मला ठरवावं लागेल."

सरावाच्या दांडीपाशी व्हियोला उभी होती. विशीही न ओलांडलेली, चिमणीएवढी पोर. अपोलेना बाळंतपणाच्या रजेवर असताना ही भूमिका तिनंच बसवली होती आणि अजूनही मागं उभी राहून ती प्रत्येक हालचाल पाठोपाठ करायची. आत्ताही तिनं सहज, केस झटकावेत तशी मान वळवून मागं बघितलं. बघितलं आणि चटकन खाली बघू लागली, चोरी पकडली गेल्यासारखी.

कपडे बदलायच्या खोलीत अपोलेना बाकावर बसली. छातीपाशी कापड ओलं झालं होतं. फोनवर तिच्या नवऱ्यानं, शिमोननं फोटो पाठवला होता: लेक रोझार्का पालथी झोपलेली, गाल चादरीवर चेपलेला. खाली लिहिलं होतं, "वाघीण झोपली." फोटोतून श्वास दिसत नाही हे तिला कळत होतं. तरी तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि पाठीवरच्या झबल्याच्या सुरकुत्या निरखत बसली.

गंमत अशी की ही नजर कामिलला तिनंच दिली होती. दीड वर्षापूर्वी थिएटरच्या कँटीनमध्ये तो सगळ्यांना विचारत हिंडत होता: तुमच्या गावाकडे काय करतात, काय गातात, कशाला भितात. त्याला लोककलेतून बॅले करायचा होता, पण घागरे आणि फेर नको होते. तेव्हा तिनं त्याला सांगितलं होतं. ईस्टरच्या दोन रविवार आधी आमच्या वर्बिच्क्यात पेंढ्याची म्हातारी करतात, मारझेना. तीच थंडी, तीच मरी, तोच मृत्यू. तिला जुने कपडे घालायचे, अंड्यांच्या टरफलांची माळ घालायची, गात गात ओढ्यावर न्यायची, पेटवून पाण्यात टाकायची. आणि घरी येताना कुणी म्हणून मागं वळून बघायचं नाही. जो बघेल, त्याच्या पाठोपाठ ती त्याच्या घरी येते. वर्षाच्या आत त्या घरातलं माणूस जातं.

"आणि कुणी बघतं का?" कामिलनं विचारलं होतं. त्याचा चहा निवून गेला होता.

"वेडा आहेस का!"

"पण बघावंसं वाटतं?"

"वाटतं तर! मान अशी खाजते."

तेव्हा ती खळखळून हसली होती. पोटात रोझार्का होती, पण ते तिलाही अजून कळलेलं नव्हतं. त्या दिवशी कामिलनं सांगितलं असतं, तर तिनं दहादा वळून दाखवलं असतं.

रोझार्का वेळेच्या फार आधी आली. काचेच्या पेटीत, नळ्यांमध्ये, मुठीएवढी. बाहेरून भोकातून हात घालून अपोलेना तिच्या पाठीवर एक बोट ठेवून बसायची. त्या दिवसांत तिनं देवाशी नाही, पण कुणाशी तरी बरेच करार केले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर डावा पाय पडू द्यायचा नाही. रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडताना मागं बघायचं नाही. पोरगी वाचली, वजन धरलं, आता तर गुटगुटीत झाली होती. करार मात्र कुणी मोडून दिले नव्हते.

त्या संध्याकाळी शिमोनला मान अडते हे सांगितलं तेव्हा तो स्वयंपाकघरात गाजर किसत होता. तो ऑस्ट्राव्हाचा, खाणकामगारांच्या घरातला. एरवी शाळेत भूगोल शिकवायचा, सध्या पोरीसाठी रजेवर होता.

"आमचे आजोबा खाणीत शिट्टी मारू द्यायचे नाहीत," तो म्हणाला. "शिट्टीनं छत कोसळतं म्हणायचे."

"मग तू मारायचास?"

"मी खाणीतच गेलो नाही." त्यानं किसणी आपटून गाजर झटकलं. "रविवारी वर्बिच्क्याला जा ना. हाच तर तो रविवार. आई बोलावून थकल्या. वाघिणीलाही ने."

"तिला ओढ्यावर नाही न्यायची मी."

"मग घरी ठेव. पण जा. इथं बसून तू माझं गाजर मोजतेयस."

गाडीत खिडकीची जागा मिळाली. ब्रनो मागं पडलं, मग द्राक्षमळे आले, अजून उघडेबोडके, काठ्या नुसत्या ओळीनं उभ्या. रोझार्का मांडीवर बसून काचेला जीभ लावत होती आणि अपोलेना दर वेळी रुमालानं काच पुसत होती. समोरची म्हातारी हसली. "पुसू नका, बाई. तेवढीच स्वच्छ होते."

वर्बिच्का तसंच होतं. दारांच्या चौकटीभोवती रंगवलेल्या निळ्या वेली, चर्चच्या भिंतीला टेकलेल्या सायकली. पण लहानपणी याच रस्त्यावर, याच रविवारी, पोरींची झुंबड असायची. आदल्या दिवशी घरोघर खळ दिलेल्या बाह्या वाळत असायच्या, फुग्यासारख्या ताठ; सकाळी त्या अंगात चढवताना कागदासारख्या वाजायच्या. आईच्या हाताला खळीचा आणि गरम इस्त्रीचा वास यायचा. आता शाळा बंद झाली होती. पोरी शहरांत गेल्या होत्या. त्यातलीच एक ती.

आईच्या अंगणात बायका मारझेनेला भरत बसल्या होत्या. जुन्या लांब हातमोज्यांत पेंढा कोंबायचं काम चाललं होतं.

"आली गं नाचणारी!" शेजारची व्लास्ता मावशी ओरडली. तोंडात सुतळी धरूनही ती बोलू शकायची. "काय गं, मान वळवायचे पैसे देतात म्हणे तुला?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या नवऱ्यानं. तुझ्या आईला फोनवर. आणि तुझ्या आईनं मला एकटीलाच सांगितलं."

"मलाही एकटीलाच," दुसरी म्हणाली.

आईनं कुणाकडे लक्ष न देता नातीला उचललं, तिच्या मानेत नाक खुपसलं आणि मग लेकीकडे नखशिखांत बघितलं. "हाडं दिसतायत. आत शेपूचं सार आहे, अंडी आहेत. आधी जेव."

"आई, मी ओढ्यावर येईन. पण रोझार्काला घरी ठेवू. कुणी बसेल का तिच्यापाशी?"

"कोण बसणार? गावातलं चालणारं माणूस झाडून येतं आज."

"मग मी बसते."

"तू आलीस कशाला मग? मारझेनेला उचलायला माणसं कमी पडतायत. ती यंदा जाड झालीय," आई म्हणाली. "व्लास्तावर गेलीय."

"माझ्यावर गेली असती तर बुडाली नसती," व्लास्ता मावशीनं सुतळी दातांनी तोडली. "तरंगत हंगेरीला गेली असती."

हसण्यात विषय वाहून गेला, आणि जेवण होईस्तोवर तो परत काढायचा धीर अपोलेनाला झाला नाही. सार लहानपणी लागायचं तसंच आंबटगोड होतं. ते खाताना तिला वाटलं, आपण इथंच राहिलो असतो, तर आज मानेचा प्रश्न आलाच नसता. वर्षातून एकदा पुढं बघत घरी यायचं, बस्स. बाकी वर्षभर जिकडे हवं तिकडे बघा.

दुपारी मारझेना निघाली. पुढं दोघी काठी धरून, मागं बाकीच्या, आणि बाबागाडीत रोझार्काही. गाणं सुरू झालं आणि अपोलेनाच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडू लागले; वर्षानुवर्षं न गायलेलं गाणं, एक ओळ संपायच्या आत पुढची जिभेवर. बायकांचे आवाज जाडेभरडे, सपाट, शेवटचा सूर लांब ओढलेला. कामिलनं याच सुरावर इलेक्ट्रॉनिक आवाजांचा केवढा डोलारा उभा केला होता. इथं तो सूर चिखलातून चालत होता.

चिखल मात्र खरंच फार होता. गिरणीपाशी बाबागाडीची चाकं रुतली. आईनं गाडी कुंपणाला लावून ठेवली आणि अपोलेनानं पोरीला उचलून छातीशी घेतलं.

पुलावर मारझेनेला काडी लावली. वाळका पेंढा भसकन पेटला. टरफलांची माळ तडतडली, फितींची टोकं काळी झाली आणि मग तिला कठड्यावरून ढकललं. छपकन आवाज आला. वाफेचा एक लोट वर चढला. वाळुंजाच्या फांद्यांवर रेशमासारखे तुरे आले होते, ते क्षणभर त्या धुरात दिसेनासे झाले.

"चला," आई म्हणाली.

सगळ्या एकदम वळल्या आणि भराभर चालू लागल्या. हे तिला आठवत होतं: हा अचानकचा वेग, गाणं तुटल्यानंतरची शांतता, चिखलात पायांचे चपाचप आवाज, आणि मानेच्या मागं बसलेली ती खाज. लहान असताना ती आईचा घागरा मुठीत धरून चालायची आणि आईच्या कमरेच्या गाठीकडे बघत राहायची, म्हणजे डोळे इकडेतिकडे जायला नकोत. आता बघायला गाठ नव्हती. तिनं गावाचा मनोरा पकडला. मनोऱ्यावरचं घड्याळ. घड्याळाचा मोठा काटा.

"अगंबाई, बघा कशी टुकूटुकू बघतेय!" मागून व्लास्ता मावशी हसली.

"कोण?" अपोलेनानं पुढं बघतच विचारलं.

"कोण म्हणजे! तुझी लेक."

अपोलेनाचे पाय थांबले.

रोझार्काची हनुवटी तिच्या खांद्यावर होती. ऊबदार, लाळेनं ओली. आणि डोकं ताठ वर उचललेलं. पोर मागं बघत होती. पुलापासून इथपर्यंत, पूर्ण रस्ताभर, डोळे फाडून, एकटक मागं बघत होती.

अपोलेनानं एका हातानं तिचं डोकं धरलं आणि आपल्या छातीकडे वळवलं. पोरीनं मान ताठ केली. तिनं जोर लावला. पोरीनं पाठीची कमान केली आणि भोकाड पसरलं. तिच्या टोपीची नाडी सुटली. बायका दोन्ही बाजूंनी पुढं निघून जात होत्या, कुणी वळत नव्हतं, आणि अपोलेना वाटेच्या मधोमध रडणाऱ्या पोरीशी झटत उभी होती.

"काय चाललंय?" आई तिच्याजवळ आली. तीही गावाकडेच तोंड करून उभी राहिली, त्यामुळं दोघी बोलत होत्या ते घड्याळाकडे बघत.

"आई, ती मागं बघतेय. मघापासून बघतेय."

"मग कुठं बघेल? खांद्यावरचं मूल मागंच बघतं."

"पण..."

"सोड तिचं डोकं. मान धरतात का अशी?"

अपोलेनानं हात काढला. पोर हुंदके देत पुन्हा खांद्यावर आली, पुन्हा डोकं वर केलं आणि गप्प झाली.

"तूही बघायचीस," आई म्हणाली. "मी तुला असंच आणायची. या वाटेनं खांद्यावरून आलेलं प्रत्येक पोर बघत बघतच आलंय."

"आणि चालतं ते?"

"मोठ्यांनी बघू नये. लेकरांचं वेगळं. कुणीतरी बघायलाच हवं ना? नाहीतर ती गेली की आपल्या पाठोपाठ येतेय, हे कळायचं कसं?"

"मला कधी सांगितलं नाहीस हे."

"तू कधी खांद्यावर मूल घेऊन आली होतीस इथं?"

वाऱ्यावर धुराचा वास आला. पुढं बायकांनी परतीचं गाणं धरलं होतं, हिरव्या फांदीचं, उन्हाळा घरी आणल्याचं. ते तुटक तुटक ऐकू येत होतं.

"मी काय करायचे?" अपोलेनानं विचारलं. "बघितल्यावर?"

"रडायचीस. बाहुली पाण्यात गेली म्हणून. तुला ती हवी असायची." आईच्या आवाजात हसू होतं. "एका वर्षी तर हात पुढं करून बोलावत होतीस तिला. ये ये म्हणून. तुझे वडील म्हणाले, पोरगी धीट आहे."

"आई, हिला काही झालं तर?"

आईनं पुढं बघतच हात लांबवला, चाचपत नातीच्या टोपीची नाडी शोधली आणि हनुवटीखाली घट्ट बांधली. मग लेकीच्या कोपराला धरलं आणि दोघी चालू लागल्या.

मंगळवारी हॉलमध्ये शिरल्या शिरल्या अपोलेना कामिलकडे गेली. तो खिडकीत उभा राहून पाव खात होता. तिनं त्याला सांगितलं. बोलता बोलता शब्द अपुरे पडले तेव्हा तिनं व्हियोलाला हाक मारली.

"इकडे ये. माझ्या कमरेवर ये. पाय मागं गुंफ. नाही, अशी ताठ नको, सैल. हनुवटी इथं."

व्हियोलानं आधी कामिलकडे बघितलं, मग ओल्ड्रिख मास्तरांकडे. मग लहान पोरीसारखी चढली. तिच्या केसांना कसल्या तरी फळाचा वास होता. ती दिसते त्यापेक्षा जड होती.

"मी चालत जाते," अपोलेना कामिलला म्हणाली. "मी बघत नाही. ही बघते. तुला जी नजर हवी ती हिच्याकडे आहे."

कामिल चावायचा थांबला.

"म्हणजे मान कुणाचीच वळणार नाही?" मास्तरांनी विचारलं.

"कुणाचीच नाही. खांद्यावरचं मूल मागंच बघतं."

मास्तरांनी आपला चष्मा काढला आणि बाहीला पुसायला घेतला.

"पोलेन्का," कामिल अगदी हळू म्हणाला. "तुला कळतंय ना? पडदा पडताना चेहरा हिचा असेल. फोटो हिचा छापून येईल. तुझी फक्त पाठ दिसेल."

"हो."

"बाळंतपणानंतरचा तुझा पहिला प्रयोग आहे हा."

"माहितीय मला, कामिल."

"आणि तुला तो चेहरा नकोय?"

तिनं जरा विचार केला. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. "हवा होता. फार हवा होता." तिनं व्हियोलाला किंचित वर सरकवलं, पोराला सरकवतात तसं. "करून बघू या? ही जड आहे."

"मी जड नाहीये," व्हियोला कानाशी कुजबुजली.

"आहेस. काल काय खाल्लंस?"

"डंपलिंग."

"किती?"

व्हियोला उत्तराऐवजी हसली, तिचं हसू अपोलेनाला मानेवर लागलं. कामिलनं पाव खिडकीत ठेवला. त्यानं मुलांना कापड उचलायला खूण केली, पेंढ्याची बाहुली आणली गेली, दिवे मंद झाले. सिंबालोम सुरू झाला. सगळे ओळीनं निघाले. अपोलेना शेवटची, बुडत्या मारझेनेकडे पाठ करून.

तिनं समोरची भिंत पकडली. भिंतीवरचा स्विच. पावलं मोजकी, संथ. खांद्यावर हनुवटी होती, छातीवर दुसऱ्या छातीचा ठोका होता, जरा भरभर पडणारा. मागं कापड सळसळलं. तिला काहीएक दिसत नव्हतं आणि मानेला खाज सुटली होती.

"गेली का?" ओठ न हलवता तिनं विचारलं.

व्हियोला बघत होती.

"अजून दिसतेय," ती कानाशी म्हणाली. "तू चालत राहा."